गोळी बंद, भरीत चालू

२१ नोव्हेंबर १९९४, सोमवार. जळगाव

वर्ष संपत आल्यावर डायरी सुरू करणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर आजारी. मी दुसऱ्या प्रकारातला. कुठल्याशा गिरणीनं जानेवारीत पाठवलेली ही डायरी इसाकच्या कापड दुकानात पडून होती, ती त्यानं आज आणून दिली. म्हणाला, गुलाबभाऊ, घरात बसून वहिनींचं डोकं खाण्यापेक्षा हिचं खा. इसाक आणि मी वरणगावच्या फॅक्टरीत एकाच दिवशी लागलो आणि एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यानं दुकान टाकलं, मी हृदयाची झडप बदलून घेतली.

ऑपरेशन जूनमध्ये मुंबईला झालं. आता छातीत धातूची झडप आहे आणि खोली शांत असली की तिची टिकटिक ऐकू येते. द्रौपदा, म्हणजे आमची मंडळी, सुरुवातीला घड्याळ शोधत फिरायची. फॅक्टरीत मी जन्मभर तपासनीस होतो. हजारो नग हातात घेतले, उजेडात धरले, खोटे निघाले ते बाजूला टाकले. हा एकच नग न तपासता आत घ्यावा लागला.

या धातूवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायची, मरेपर्यंत. आणि गोळी चालू आहे तोवर हिरव्या भाज्या बेतानं, कारण त्या गोळीचा जोर मोडतात. आमच्या घरात बेतानं म्हणजे बंदच. मेथी गेली, पोकळा गेला, कांद्याची पात गेली. पात गेली म्हणजे भरीत गेलं. पातीशिवाय भरीत करणारे लोक आहेत म्हणे. करोत बिचारे.

आता खरी गोष्ट. काही दिवसांपासून शौचाला रक्त जातंय. द्रौपदाला सांगितलेलं नाही. तिला कळलं की डॉक्टरला कळणार आणि डॉक्टरला कळलं की पुन्हा मुंबई. लेंग्याला डाग पडला होता तो मीच मोरीत धुऊन वाळत घातला. तिला काही पत्ता नाही. फक्त आज तिनं विचारलं की इतक्या वर्षांत कधी रुमाल धुतला नाही, मग आज लेंगा कसा धुतला. मी म्हणालो, व्यायाम.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

डॉ. भिरूडांना मानलं. झडपेवर लक्ष ठेवणारे जळगावचे डॉक्टर हेच. आज महिन्याची रक्त तपासणी दाखवायला गेलो होतो. द्रौपदाला तिचा गुडघा दाखवायचा होता म्हणून ती आधी आत गेली, बराच वेळ बसली. मग मला बोलावलं. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच त्यांनी विचारलं, शौचाला रक्त जातं का? माणसाचा नुसता चेहरा बघून ओळखायचं म्हणजे काय थट्टा आहे. मी कबूल केलं. द्रौपदा बाजूला बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं, पण ती फार शांत राहिली. गुडघ्याला काही औषध दिलेलं दिसलं नाही.

डॉक्टर म्हणाले, मूळव्याध असेल किंवा आतड्यात काही असेल. रक्त पातळ असल्यामुळे बारीक जखमही वाहते. आत दुर्बीण घालून पाहायला हवं. जळगावातली दुर्बीण दुरुस्तीला गेली आहे, धुळ्याला डॉ. देवरे करतात.

दुर्बीण खालून घालतात हे मला तिथंच कळलं. घरी येताना रिक्षात फॅक्टरी आठवली. फॅक्टरीत आम्ही पोकळ नगाच्या आत दिवा आणि आरसा घालून बघायचो. नगाला काय वाटत असेल हा विचार तेव्हा शिवला नव्हता.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

एस.टी.नं धुळ्याला जाऊन आलो. डॉ. देवरे तरुण, गोरे, बोलायला मोकळे. म्हणाले, नुसतं बघायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण आत गाठ निघाली आणि ती कापायची म्हटली तर रक्त पातळ असताना मी हात लावणार नाही, थांबणारच नाही ते. म्हणून गोळी आधी काही दिवस बंद करा. पण ती बंद करायची परवानगी मी नाही देणार, भिरूड देतील.

म्हणजे पुन्हा जळगाव.

१ डिसेंबर, गुरुवार

भिरूड म्हणाले, गोळी बंद? अजिबात नाही. झडपेवर गुठळी धरली तर झडप अडकेल, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाईल आणि अर्धं अंग जाईल.

 मरणाला मी फार घाबरत नाही, निदान दिवसा तरी. पण अर्धं अंग जाणं मी पाहिलं आहे. माझा थोरला भाऊ भिकन पहूरला नऊ वर्षं खाटेवर होता. वहिनी त्याला घास भरवायची आणि तो तोंड फिरवून रडायचा. तसं मला नको. आज मी द्रौपदाला स्पष्ट सांगितलं, की असं काही झालं तर मला वाचवायच्या भानगडीत पडू नका. ती धुणं पिळत होती. ते तिनं जरा जास्तच पिळलं.

५ डिसेंबर, सोमवार

माझी अवस्था लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी झाली आहे. धुळ्याचा निरोप जळगावला, जळगावचा धुळ्याला. शेवटी द्रौपदा म्हणाली की त्या दोघांकडे फोन नाहीत का. आज मी भिरूडांच्या समोरच बसून राहिलो, तेव्हा त्यांनी फोन लावला.

ठरलं ते असं. शनिवारची गोळी शेवटची. तिचा जोर उतरायला वेळ लागतो, म्हणून रविवारी घरी. सोमवारी धुळ्यात दाखल व्हायचं, तिथं नसेतून दुसरं औषध चालू करतील. ते बंद केलं की काही तासांत उतरतं. बुधवारी सकाळी ते थांबवून दुर्बीण, आणि त्या रात्रीपासून पुन्हा गोळी. मंगळवारी पोट साफ करायचं. आधीचे दिवस हलकं खायचं, साल आणि बी असलेलं काही नको. म्हणजे मी जितका वेळ गोळीवाचून राहणार तितका वेळ जीव टांगणीला, म्हणून सगळं मोजूनमापून. चला, ठरलं एकदाचं.

९ डिसेंबर, शुक्रवार

आज दाढी करताना मला एक गोष्ट सुचली आणि मी आरशात स्वतःलाच शाबासकी दिली. पातीचं पथ्य कशासाठी? गोळीसाठी. रविवारी गोळी कुठं आहे? बंद. मग पथ्य कशाला? सहा महिन्यांत पहिल्यांदा असा दिवस उगवतोय की पात खाल्ली तरी तिला मोडायला गोळीच नाही. आणि तोही ऐन डिसेंबरात, रविवारी.

नशिराबादला पुनाचं शेत आहे. पुना फॅक्टरीतला आमचा जुना सोबती. इसाकला सांगितलं, इसाकनं पुनाला सांगितलं. भरीत पार्टी ठरली.

द्रौपदाला पटेना. "डॉक्टरले इचारलं का?" मी म्हणालो, एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरला काय विचारायचं, हा साधा हिशेब आहे. साल नको म्हणाले, वांगं भाजल्यावर साल काढतोच आपण. बी नको म्हणाले, तर कोवळ्या हिरव्या वांग्यातलं बी दाताला तरी लागतं का? वर भाजलेलं, ठेचलेलं, म्हणजे भातापेक्षा हलकं. ती विचार करत राहिली. मग तिनं विचारलं की वांगी किती आणायची. तेव्हा तिचा चेहरा असा खुलला की ऑपरेशनपासून मी तसा पाहिला नव्हता.

११ डिसेंबर, रविवार

काय सांगू. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी उखळात ठेचली, वर पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कोथिंबीर, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. इसाकची बायको ताजबी पुऱ्या लाटत होती, पण भरिताला द्रौपदानं कोणाला हात लावू दिला नाही. वाढलंही तिनंच. मी एकदा नको म्हणालो तरी तिनं पुन्हा वाढलं आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. पुना म्हणाला, गुलाब, तुझी झडप आज टिकटिक नाही, ढोलकी वाजवते आहे.

छान दिवस गेला. सहा महिने मी आजारी माणूस होतो, आज नव्हतो.

१२ डिसेंबर, सोमवार

निघण्याआधी उरलेलं भरीत खाल्लं. शिळ्याची चव वेगळीच. दुपारच्या गाडीनं धुळ्याला.

१४ डिसेंबर, बुधवार. धुळे, दवाखाना

काल दिवसभर एरंडेल आणि ते खारट पाणी. लोटे मोजायचे मी सोडून दिले. शेजारच्या खाटेवर साक्रीकडचे चिंधाभाऊ आहेत, जठराच्या व्रणासाठी आलेले. मी धावत गेलो की ते घड्याळ बघायचे आणि परत आलो की मागच्या वेळेपेक्षा लवकर आलात की उशिरा ते सांगायचे.

आज सकाळी दुर्बीण. इंजेक्शननं गुंगी होती पण ऐकू येत होतं. डॉ. देवरे थोडं पुढं गेले, थांबले, पाणी सोडलं, पुन्हा थांबले. मग त्यांनी विचारलं, "तायडे, गेल्या दोन-तीन दिवसांत काय खाल्लं?" मी जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, आत सगळीकडे वांग्याचं बी चिकटलं आहे, नळीही तुंबली, मला आतड्याची भिंतच दिसत नाही. अर्ध्यातून बाहेर काढली.

मी माझा तो हिशेब त्यांना समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की पात आज खाल्ली तरी अंगात काही दिवस काम करते. गोळी परत चालू केल्यावर तिला पकड घेऊ देत नाही. म्हणजे बिघडलं ते दोन्हीकडून बिघडलं. द्रौपदा दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं.

दुपारी चिंधाभाऊंनी चौकशी केली, मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ, भरीत खाईसन उनात, मंग आमनासाठे काबर नही आनं?" आमच्या वाट्याचं कुठं, या सवालावर सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो. द्रौपदा हसली नाही.

१७ डिसेंबर, शनिवार. जळगाव

घरी. गोळी चालू, पण रक्त तपासणीत रक्त अजून घट्टच. भिरूडांनी गोळी वाढवून दिली आणि परवा पुन्हा बोलावलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, ते नुसते काळजीत दिसले.

द्रौपदा बोलत नाही. भरिताचं नाव काढलं की उठून जाते. बायकांचा राग असा असतो, आपण चूक केली की आपल्यालाच विसरू देत नाहीत.

२० डिसेंबर, मंगळवार

थंडी फार. सकाळी चहाचा कप हातातून निसटला, बोटं गारठली होती. हे पेनही नीट चालत नाही, अक्षर वाकडं येतंय, इसाकला दुसरं मागावं. द्रौपदानं काही विचारलं, मी खिडकीला कपाट म्हणालो त्यात एवढं काय. ती माझ्याकडे टक लावून बघते आहे आणि सारखं नाव विचारते. मी म्हणालो, बत्तीस वर्षं झाली लग्नाला, नाव माहीत नाही का. मला वाटतं नीट म्हणालो. ती इसाककडे पळत गेली. रिक्षा कशाला बोलाव

२३ डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवस लिहिता आलं नाही, भिरूडांच्या दवाखान्यात होतो. ते म्हणतात थंडी नव्हती. बारीक गुठळी मेंदूपर्यंत गेली आणि नशिबानं आपली आपण विरघळली. दुपारपर्यंत बोटं आणि बोलणं दोन्ही परत आलं. गोळीची पकड आता बरोबर बसली आहे. द्रौपदानं वेळ न घालवता आणलं म्हणून लगेच उपचार सुरू करता आले.

मी थट्टा करायला गेलो पण जमलं नाही. भिकनचंही असंच कपापासून सुरू झालं होतं. मला फार भीती वाटली. अजून वाटते आहे. दिवसातून दहा वेळा उजवी मूठ वळून बघतो.

२ जानेवारी १९९५, सोमवार

डायरीची मागची पानं संपली, म्हणून आता पुढच्या कोऱ्या पानांवर आलो. वरचं छापील चौऱ्याण्णव खोडलं की झालं.

रक्त जाणं पुन्हा वाढलं आहे. जिना चढताना दम लागतो, भिरूड म्हणाले अंगातलं रक्त बरंच कमी झालं. मी त्यांना साफ सांगितलं की दुर्बीण आता नको. गोळी बंद केली तर मेंदू, चालू ठेवली तर रक्त. या दोहोंत मला रक्त जाऊन मेलेलं चालेल, खाटेवर पडलेलं चालणार नाही. ते म्हणाले, तायडे, तुम्ही फक्त दोनच नग हातात घेताय, तिसरा बघा. गोळी चालू ठेवूनच आत नुसतं बघू. कापायचं नाही. काही नसेल तर प्रश्न मिटला. असेल तर मग काय किती गरजेचं ते ठरवू, आणि तेव्हा गोळी बंद केलीच तर पहिल्या तासापासून दवाखान्यात, नसेतल्या औषधावर. पण आत्ता नाही. मेंदूला धक्का बसून थोडेच दिवस झालेत, महिनाभर जाऊ द्या. तोवर रक्ताच्या दोन बाटल्या चढवू.

हे त्यांनी आधीच का नाही सुचवलं असं मी विचारणार होतो. मग मला भरीत आठवलं आणि मी गप्प बसलो.

२२ जानेवारी, रविवार

उद्या धुळे. या वेळी आठवडाभर द्रौपदानं मला मऊ भात, मुगाचं वरण आणि दही याशिवाय काही दिलं नाही. वरणसुद्धा गाळून. तिचीही तब्येत बिघडली आहे, पित्त झालंय म्हणते, माझ्याबरोबर तोच भात खाते. तिला म्हणालो, तू डॉ. भिरूडांना दाखव. म्हणाली, तुमचं होऊ द्या आधी.

२५ जानेवारी, बुधवार. धुळे

दिसलं एकदाचं. आतडं या वेळी लख्ख होतं. डॉ. देवरे म्हणाले, तायडे, असं स्वच्छ आतडं मी शिकवायला वापरीन. डाव्या बाजूला एक गाठ आहे, बारीक देठावर लोंबणारी, तिथूनच रक्त येतंय. दुर्बिणीला बाजूनं बघायची एक नळी असते, तिच्यातून त्यांनी द्रौपदाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, बोरासारखं दिसतं. मला माझ्याच आत काय आहे ते बघता आलं नाही, ते तिनं पाहून घेतलं.

कापायची की नाही? दोन्ही डॉक्टर फोनवर बराच वेळ बोलले. ठेवली तर गोळीमुळे वाहतच राहणार, आणि अशा गाठी पुढं बिघडतात. कापायची म्हणजे गोळी बंद. मग देवरे माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, निर्णय तुमचा. मी द्रौपदाकडे पाहिलं. ती म्हणाली, काढून टाका. मीही हो म्हणालो, पण माझा आवाज फार बारीक निघाला. गोळी आजपासून बंद, सुई आतापासून हातात. घरी जायचं नाही.

२८ जानेवारी, शनिवार

आज सकाळी नर्सबाई सुई बघत होत्या आणि द्रौपदा खाटेशेजारी उभी होती. उभ्या उभ्या ती खाली बसली, म्हणजे पडलीच. चेहरा पांढरा. डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि विचारलं की शेवटचं कधी जेवलात. ती सांगेना. चिंधाभाऊंच्या जागी आता भटू नावाचे गृहस्थ आहेत, त्यांची बायको म्हणाली, ह्या बाई इथं आल्यापासून नुसतं पाणी आणि बिनदुधाचा चहा घेतात. भाऊंना जे देतात तेच.

मी म्हणालो, पित्त आहे तिला.

द्रौपदा माझ्याकडे बघून म्हणाली, "पित्त नाही. मीच माझ्या हातानं वाढलं व्हतं ते. तुम्ही नको म्हटलं तरी वाढलं. मग मी कशी जेवू?"

 तो सगळा हिशेब माझा होता. मी आरशात बघून केला होता, मी तिच्या गळी उतरवला होता, आणि दीड महिना ती स्वतःला दोष देत बसली होती. आणि मला वाटत होतं ती माझ्यावर रागावली आहे. चूक माझी होती, तुझी नाही, असं मी तिला सांगितलं, अख्ख्या वॉर्डासमोर. भटूच्या बायकोनं डब्यातली भाकरी आणि पिठलं तिच्यासमोर ठेवलं. मी म्हणालो, तू खाल्लं नाहीस तर मी गाठ काढू देणार नाही. तिनं खाल्लं. मी उपाशी होतो, उद्याची तयारी म्हणून. पण तिला जेवताना बघून मला फार बरं वाटलं.

२९ जानेवारी, रविवार

माझ्यासाठी डॉक्टर रविवारी आले. सकाळी सुईतलं औषध थांबवलं, दुपारी गाठ काढली. तारेच्या फासानं देठ आवळून तोडतात, काही कळत नाही. रक्त फार आलं नाही. गाठ बाटलीत घालून नाशिकला तपासायला पाठवली.

आता गोळी कधी सुरू करायची यावर पुन्हा वाद. देवरे म्हणतात जखम भरू द्या, भिरूड म्हणतात झडप थांबणार नाही. शेवटी ठरलं की आज रात्रीपासून सुईतलं औषध हळू सुरू, उद्या संध्याकाळी गोळी. रक्त आलं तर सुई बंद करता येते.

तोवर द्रौपदा तासातासाला माझा हात हातात घेऊन, दाबा, म्हणते. मी दाबतो. जोरानं, म्हणते. मी जोरानं दाबतो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणते. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा सांगितलं होतं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार. जळगाव

घरी आलो. गोळी चालू, रक्त बंद, दोन्ही हात माझीच आज्ञा पाळतात. आता फक्त नाशिकचा अहवाल. गाठ साधी असेल तर सुटलो. कॅन्सरची निघाली तर आतड्याचा तुकडा काढायचा, म्हणजे पोट उघडायचं, म्हणजे पुन्हा गोळी बंद, या वेळी कितीतरी जास्त दिवस. भिरूड म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. डॉक्टर असं म्हणतो तेव्हा त्यानं बघून ठेवलेलं असतं.

इसाक येऊन बसतो, पुना येऊन बसतो. सगळे हवापाण्याचं बोलतात.

८ फेब्रुवारी, बुधवार

आज दुपारी देवरेंनी फोन करायला सांगितलं होतं. कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर गेलो. ती काचेची केबिन एकाच माणसापुरती आहे, म्हणून द्रौपदा बाहेर रस्त्यावर उभी राहिली. फोन लागला. देवरे म्हणाले, "तायडे, साधी गाठ आहे. कॅन्सर नाही." आणखी दोन-तीन वर्षं तशीच राहिली असती तर मात्र बिघडली असती, तशा खुणा दिसत होत्या. मग म्हणाले, तुमच्या गोळीला शिव्या देऊ नका, ती नसती तर या गाठीतून एवढं रक्त आलंच नसतं आणि आपल्याला पत्ता लागला नसता.

मी फोन ठेवला. बाहेर जाऊन तोंड पाडून तिची थोडी फिरकी घ्यावी असा माझा बेत होता, खोटं कशाला बोलू. पण दार लोटलं आणि मला रडूच आलं. ऑपरेशनला रडलो नव्हतो, कप पडला तेव्हा रडलो नव्हतो. भर रस्त्यात, पानटपरीवरचे लोक बघताहेत, आणि मी रडतोय.

द्रौपदानं माझा चेहरा पाहिला आणि जे समजायचं ते समजली.  जवळ आली, माझा दंड धरला आणि अगदी हळू म्हणाली, "असू द्या. नुसते घरात पडून र्‍हायले तरी मले चालीन. मी सारं करीन. तुम्ही घरात र्‍हा, म्हणजे झालं."

 मग सांगितलं, अगं, काही नाही निघालं, साधी गाठ होती.

 तिनं पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि त्यानंतर पानटपरीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं मला जे काही बोलून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. चांगली बातमी सांगायची ही काय तऱ्हा झाली, एवढंच त्यातलं सभ्य वाक्य. मी सगळं ऐकून घेतलं. मी इतके दिवस तिच्यावर ओझं होऊन पडायची भीती उराशी घेऊन बसलो होतो, तिला ती भीती कधी नव्हतीच. ती मला चालेल म्हणाली, तेही मी बरा आहे हे तिला माहीत नसताना. घरी येईपर्यंत ती पुढं चालत होती, मी मागं, कारण माझे डोळे काही केल्या थांबत नव्हते.